सल्ला आधी पारखता यावा : खान्देशातील स्वतंत्र सल्लागारांस खुले पत्र

प्रति,
जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेती, पाणी, कर, ऊर्जा, बांधकाम व प्रक्रिया उद्योग या क्षेत्रांतील स्वतंत्र सल्लागार

विषय : अल्प खर्चात आपल्या तज्ज्ञतेचा परिचय समाजाला करून देण्याबाबत

सन्माननीय सल्लागारहो,

जी व्यक्ती कोणत्याही कंपनीच्या, दुकानाच्या किंवा शासकीय खात्याच्या पगारावर नसते आणि आपल्या ज्ञानाचे व अनुभवाचे शुल्क थेट सल्ला घेणाऱ्याकडून स्वीकारते, ती ‘स्वतंत्र सल्लागार’ अशी व्याख्या केली, तर रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बागांना भेटी देणारे कृषी पदवीधर, जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील डाळमिलची विवरणपत्रे पाहणारे करसल्लागार, धुळ्याजवळच्या अवधान वसाहतीतील कारखान्यांचा वीजवापर तपासणारे अभियंते आणि साक्री-शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावांत विहिरीची जागा सुचवणारे भूवैज्ञानिक हे सर्व तिच्यात येतात. या सर्वांची अडचण बहुतांशी एकच असते : ज्याला सल्ल्याची गरज आहे त्याला सल्लागार ठाऊक नसतो, आणि ज्याला तो ठाऊक असतो त्याला त्याच्या ज्ञानाची खात्री नसते. यावर चौकातले फलक, वृत्तपत्रांतील शुभेच्छांच्या जाहिराती आणि पैसे भरून पसरवलेल्या चित्रफिती असे उपाय योजले जातात. त्यांचा खर्च एकट्याच्या व्यवसायाला झेपत नाही, आणि झेपला तरी नाव पोहोचते, खात्री पोहोचत नाही. प्रस्तुत पत्राचे प्रतिपादन असे की, सल्लागाराच्या बाबतीत प्रसिद्धीचे स्वस्त मार्गच अधिक परिणामकारक ठरतात, मात्र सल्ला विकत घेण्यापूर्वी तो पारखण्याची सोय त्यांनी लोकांना करून दिली पाहिजे.

या अटीमागील कारण अर्थशास्त्रात सापडते. अमेरिकन अर्थतज्ज्ञ फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये वस्तूंचे दोन वर्ग मांडले : ज्यांचा दर्जा घेण्यापूर्वी पाहून कळतो त्या शोधवस्तू, आणि ज्यांचा दर्जा वापरल्यानंतरच कळतो त्या अनुभववस्तू. मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी १९७३ मध्ये त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली, तो विश्वासवस्तूंचा. म्हणजे ज्यांचा दर्जा वापरून झाल्यावरही ग्राहकाला नीट ठरवता येत नाही अशा वस्तू व सेवा. सल्ला या तिसऱ्या वर्गात मोडतो, कारण केळीच्या घडाचे वजन वाढले तर ते खतांच्या वेळापत्रकामुळे वाढले, अनुकूल हवामानामुळे वाढले की मुळातच चांगल्या रोपांमुळे, हे बागायतदाराला खात्रीने सांगता येत नाही. त्याच सुमारास, १९७० मध्ये, जॉर्ज अकरलॉफ यांनी दाखवून दिले की ग्राहकाला चांगले व वाईट वेगळे ओळखता येत नसेल, तर तो सर्वांना सरासरी किंमतच देऊ करतो, परिणामी चांगला माल देणारे बाजारातून बाहेर पडतात आणि वाईट माल देणारे टिकून राहतात. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये यावरचा उपाय ‘संकेत’ या संकल्पनेतून मांडला. जी कृती जाणकाराला सोपी आणि अजाणत्याला अवघड किंवा महाग पडते, तीच दोघांतील फरक दाखवणारा विश्वसनीय संकेत ठरते. फलक कोणीही लावू शकतो, म्हणून फलक हा दुबळा संकेत होय; हंगाम सुरू होण्यापूर्वी तारखेसह निदान लिहून जाहीर करणे आणि हंगाम संपल्यावर त्याचा हिशेब तितक्याच जाहीरपणे देणे हे अजाणत्याला परवडत नाही, म्हणून तो बलवान संकेत होय, आणि त्याला लागणारा पैसा जवळजवळ शून्य आहे.

खान्देशात हा प्रश्न अधिक तीव्र होण्याचे एक स्थानिक कारण आहे. येथे शेतीविषयक सल्ला मुख्यतः कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मिळतो. शेतकरी रोगट पान किंवा किडलेले बोंड घेऊन जातो, दुकानदार ते पाहून औषध काढून देतो, आणि सल्ल्याचे वेगळे पैसे घेतले जात नसल्यामुळे तो फुकट मिळाला असे वाटते. वस्तुतः त्या सल्ल्याची किंमत मालाच्या किमतीत मिसळलेली असते आणि माल खपण्यावरच तिची वसुली अवलंबून असते. प्रामाणिक दुकानदार पुष्कळ आहेत, परंतु ‘यंदा फवारणीची गरज नाही’ हा सल्ला देण्यात ज्याचे नुकसान आहे त्याच्याकडून तो सल्ला नेहमी मिळेल अशी अपेक्षा व्यवस्थेने धरू नये. केंद्र शासनाने एप्रिल २००२ मध्ये ‘ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस केंद्र’ योजना सुरू केली, तिच्यात हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेमार्फत कृषी पदवीधरांना स्वयंरोजगाराचे प्रशिक्षण आणि नाबार्डमार्फत कर्जाशी जोडलेले अनुदान देण्याची तरतूद होती, आणि कृषी पदवीधराने शुल्क घेऊन शेतकऱ्याला तज्ज्ञ सेवा द्यावी हा तिच्या उद्देशांपैकी एक होता. मात्र ज्या गावात सल्ला फुकट मिळतो अशी समजूत आहे तेथे शुल्क घेणाऱ्याला आपल्या सल्ल्यातील वेगळेपण आधी दाखवावे लागते, आणि तेथे पहिली बिनखर्ची पायरी अशी की, आपण कोणत्याही औषधावर, खतावर, यंत्रावर किंवा विमा पॉलिसीवर दलाली घेत नाही, किंवा घेत असल्यास ती किती, हे सल्लागाराने आपल्या शुल्कपत्रकावर स्वच्छ लिहावे.

तज्ज्ञता अशा मार्गाने प्रस्थापित झाल्याची उदाहरणे शोधण्यासाठी खान्देशाबाहेर जाण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी कोणत्याही विद्यापीठाच्या पदाचा आधार नसताना १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड प्रसिद्ध केले. त्यांत त्यांनी निष्कर्षांबरोबर मूळ कागदपत्रेही छापली, त्यामुळे वाचकाला त्यांचे विवेचन पुराव्याशी ताडून पाहता आले आणि अनेकांनी त्यांचे मुद्दे खोडूनही काढले. मतभेद होऊनही, किंबहुना मतभेद करण्याची सोय ठेवल्यामुळे, त्यांचा अधिकार मान्य झाला. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांचा संग्रह जपण्यासाठी त्या शहरात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांत धुळे भागातील पांझरा नदीच्या पाटासाठी नळांचा वक्रनलिका-मार्ग, म्हणजे सायफन, बांधण्याचे काम होते. पुढे सरकारी सेवा सोडल्यावर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबाद संस्थानाने त्यांना सल्लागार अभियंता म्हणून पाचारण केले. पाहता येणारी कामे आणि वाचता येणारे अहवाल यांनी तोवर त्यांचा परिचय करून दिलेला होता.

तिसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात यशाबरोबर मर्यादाही दिसते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी भूजल सर्वेक्षण यंत्रणेतील सेवेनंतर, २००४ च्या सुमारास, शिरपूरचे राजकीय नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने शिरपूर तालुक्यात नाले रुंद व खोल करून त्यांवर दरवाजे नसलेले सिमेंट बंधारे बांधण्याचे काम हाती घेतले; तापीच्या खोऱ्यातील गाळाच्या जाड थरांमुळे पाणी खाली उतरण्यास अडथळा येतो, तो दूर केला तर विहिरी पुन्हा भरतील, हे त्यांचे गृहीतक होते. ही कामे ‘शिरपूर पॅटर्न’ या नावाने राज्यभर गाजली, ती मुख्यतः पाहायला आलेल्यांमुळे. भरलेला नाला आणि पाणी चढलेली विहीर कोणालाही डोळ्यांनी पाहता येत होती. त्यानंतर हीच पद्धत सर्वत्र राबवावी अशी मागणी होऊ लागली, तेव्हा अनेक भूजलतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की, जेथे खडकाची रचना वेगळी आहे तेथे इतके खोल खोदकाम निरुपयोगी, प्रसंगी हानिकारकही ठरेल. सल्लागाराने यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे : दाखवता येणारे काम हे उत्तम प्रसिद्धिपत्रक असते, आणि ते काम कोणत्या जमिनीत, किती पावसात व कोणत्या परिस्थितीत लागू पडते हे त्यासोबत सांगितले नाही, तर प्रसिद्धी ज्ञानाच्या पुढे निघून जाते.

या उदाहरणांच्या आधारे प्रत्यक्ष मार्गांचा विचार करता पहिले स्थान स्थानिक, तारीखवार लेखनाला द्यावे लागते. कापसावरील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे, म्हणजे मादी पतंगाच्या गंधाने नर पतंगांना ओढून घेणारे सापळे, लावले जातात, आणि सलग तीन रात्री एका सापळ्यात सरासरी आठ पतंग आढळले तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला, म्हणजे ज्या टप्प्यावर उपाय न केल्यास होणारा तोटा उपायाच्या खर्चाहून अधिक होतो त्या टप्प्याला, पोहोचली असे मानले जाते. चोपडा किंवा धरणगाव तालुक्यातील एखाद्या सल्लागाराने पाच-सहा गावांतील सापळ्यांची नोंद दर आठवड्याला एका पानावर प्रसिद्ध केली, आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर, विकास सोसायटीत व शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत पोहोचवली, तर त्याचा खर्च कागदापुरता राहील, पण फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी याचा निर्णय त्या पानावर होऊ लागेल. केळीच्या बाबतीत मृगबाग व कांदेबाग या दोन लागवडींची वेगवेगळी दिनदर्शिका, कुकुंबर मोझॅक विषाणू पसरवणाऱ्या माव्यावर लक्ष ठेवण्याचे दिवस, रोगट झाडे उपटून नष्ट करण्याची सूचना आणि हवामानाधारित फळपीक विम्यातील तापमानाच्या निकषांचे सोप्या भाषेत स्पष्टीकरण हे सर्व अशाच एका पानात मावते. करसल्लागारालाही हाच मार्ग खुला आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या आधीच बांधलेल्या व लेबल लावलेल्या डाळींवर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा कोणते पोते या व्याख्येत येते आणि कोणते येत नाही हा जळगावच्या प्रत्येक डाळमिलचा प्रश्न होता, आणि अशा क्षणी त्याचे दोन पानी अचूक विवेचन व्यापारी संघटनेकडे प्रथम पोहोचवणाऱ्याचे नाव पुढे दीर्घकाळ लक्षात राहते.

अशा लेखनाला मोठे साधन लागत नाही, हे अमळनेरने फार पूर्वी पाहिले आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. त्याचा वाचकवर्ग एका इमारतीपुरता होता, पण रोज आणि नेमाने लिहिल्यामुळे त्याचा प्रभाव त्या इमारतीत पूर्ण होता. सल्लागाराचा वाचकवर्गही मर्यादितच असतो, कारण एका व्यक्तीला वर्षभरात मोजक्याच ग्राहकांना न्याय देता येतो. म्हणून लाखो प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याच्या धडपडीपेक्षा दोन तालुक्यांतील काहीशे कुटुंबांपर्यंत नियमित पोहोचणे अधिक हिताचे ठरते. जिल्हा दैनिकांच्या कृषी व अर्थविषयक पुरवण्या, २००५ पासून निघणारे ‘ॲग्रोवन’ हे कृषिदैनिक आणि आकाशवाणीची जळगाव व धुळे केंद्रे यांना स्थानिक, वेळेवर दिलेल्या आणि प्रचारकी नसलेल्या मजकुराची गरज असते; तेथे एका विषयावर सातत्याने लिहिणारा व बोलणारा काही हंगामांत त्या विषयाचा माणूस म्हणून ओळखला जाऊ लागतो.

भाषेची निवड हेही एक विनाखर्च साधन आहे. धुळे जिल्ह्यात व जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी आणि यावल, रावेर, भुसावळ या पूर्वेकडील तालुक्यांत लेवा गणबोली घरोघरी बोलली जाते, परंतु औषधाच्या डब्यावरील सूचना, विम्याचे नियम आणि कराच्या अधिसूचना यांपैकी काहीही या बोलींत उपलब्ध नसते. खते व औषधे बाहेरच्या कंपन्यांना सर्वत्र सारख्याच वेष्टनात विकता येतात, पण द्रवरूप खत ठिबकातून किती दिवसांच्या अंतराने सोडावे हे अहिराणीत नीट समजावणे त्यांना सहजी साधत नाही. पाच मिनिटांची ध्वनिफीत बनवणाऱ्या स्थानिक सल्लागाराला ते साधते. लेखी मजकूर प्रमाण मराठीत, आकडे अचूक, आणि स्पष्टीकरण बोलीत, अशी विभागणी ठेवल्यास अचूकता व आपुलकी या दोन्ही गोष्टी सांभाळल्या जातात.

दुसरा प्रमुख मार्ग शिवारफेरीचा, म्हणजे ग्राहकाच्याच शेतात किंवा कारखान्यात इतरांना बोलावून केलेले काम दाखवण्याचा आहे. मोठ्या कंपन्या आपल्या प्रक्षेत्रावर शेतकऱ्यांच्या सहली आणतात. जळगावच्या जैन हिल्सवर ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित केळी पाहायला येणारे शेतकरी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. स्वतंत्र सल्लागाराकडे स्वतःचे प्रक्षेत्र नसले तरी ग्राहकाचे शेत असते, आणि शेतमालकाच्या संमतीने खर्च, उत्पादन व मिळालेला भाव यांचा हिशेब फलकावर मांडला, तर असे शेत कंपनीच्या प्रक्षेत्राहून अधिक विश्वसनीय ठरते, कारण तेथील पाणी, मजूर व भांडवल पाहणाऱ्यासारखेच असते. मात्र या हिशेबात फसलेल्या गोष्टींनाही जागा हवी. खान्देशातील अनेक गावांत आजही विहिरीची जागा नारळ किंवा काठी घेऊन फिरणारा पाणाड्या दाखवतो, आणि त्याची ख्याती ज्या विहिरींना पाणी लागले त्यांच्या कथांवर टिकून असते, कोरड्या गेलेल्या विहिरींची मोजदाद कोणी ठेवत नाही. भूवैज्ञानिकाने आपण सुचवलेल्या सर्व जागांची यादी, लागलेल्या व न लागलेल्या दोन्ही, अपेक्षित व प्रत्यक्ष खोलीसह ठेवली, तर पाणाड्याशी असलेला त्याचा फरक कोणत्याही भाषणाविना सिद्ध होतो.

तिसऱ्या मार्गात इतरांनी केलेली शिफारस येते, आणि तिची आखणी करता येते. केळी उत्पादकाला विम्याचा दावा, बागेचे पोषण, वीजजोडणी व प्राप्तिकर हे प्रश्न एकाच वर्षात पडतात, पण एकच सल्लागार त्या सर्वांचा जाणकार नसतो. म्हणून वेगवेगळ्या विषयांतील चार-पाच सल्लागारांनी आपल्या मर्यादेबाहेरचा प्रश्न एकमेकांकडे सोपवण्याचा प्रघात पाळला, त्यासाठी दलाली घेतली नाही, आणि तसे ग्राहकाला उघड सांगितले, तर ‘हा माझा विषय नाही’ हे वाक्यच त्यांच्या प्रामाणिकपणाची जाहिरात होते. नकाशावर आपले कार्यालय दाखवणारी गूगलची व्यवसाय-नोंद, व्हॉट्सॲपचे व्यावसायिक खाते आणि १ जुलै २०२० पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी ही तिन्ही साधने विनाशुल्क मिळतात आणि सल्लागार सापडावा यासाठी ती जरूर वापरावीत; परंतु सापडणे आणि पटणे या वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि उद्यम प्रमाणपत्र ही व्यवसायाची नोंद असून तज्ज्ञतेचा दाखला नव्हे, हे ग्राहकापासून लपवू नये.

येथे कायद्याच्या मर्यादा ध्यानात घेणे अत्यावश्यक आहे, कारण सर्व सल्लागारांना प्रसिद्धीची सारखीच मोकळीक नाही. वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार जाहिरात करून पक्षकार मिळवण्यास मनाई आहे, आणि २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर नाव, पत्ता, पात्रता व कार्यक्षेत्र अशी मोजकी माहिती देण्यापुरतीच सूट मिळाली. सनदी लेखापालांवर १९४९ च्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीतील आणि त्यानुसार वेळोवेळी काढल्या जाणाऱ्या मार्गदर्शक सूचनांतील बंधने आहेत. वास्तुविशारदांना १९८९ चे आणि डॉक्टरांना २००२ चे व्यावसायिक आचारविषयक विनियम लक्षात घ्यावे लागतात. कृषी सल्लागाराने कीटकनाशकाची शिफारस करताना ‘लेबल क्लेम’, म्हणजे ज्या पिकावर व ज्या किडीसाठी त्या औषधाला अधिकृत नोंदणी मिळाली आहे ती मर्यादा, ओलांडू नये. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ हा सेवांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींनाही लागू होतो, त्यामुळे ‘एकरी उत्पादन दुप्पट’ किंवा ‘शंभर टक्के परतावा’ अशी आश्वासने व्यावसायिक अप्रतिष्ठेबरोबर कायदेशीर जोखीमही ओढवतात. ज्या व्यवसायांना जाहिरातीची मनाई आहे त्यांनाही आपल्या आचारसंहितेच्या चौकटीत अभ्यासपूर्ण लेखन व व्याख्याने करता येतात. म्हणजे या पत्रात सुचवलेला मार्ग त्यांच्यासाठी स्वस्त तर आहेच, शिवाय तो जवळजवळ एकमेव आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल की, इतके सारे फुकट सांगितल्यावर शुल्क कशाचे घ्यायचे? याचे उत्तर सर्वसाधारण ज्ञान व विशिष्ट निर्णय यांतील भेदात आहे. आठ पतंगांचा निकष सर्वांना सांगावा, परंतु अमुक शेतातील माती-पाणी परीक्षण, मागील हंगामाचा इतिहास व हाती असलेले भांडवल पाहून आखलेले खतांचे व फवारण्यांचे वेळापत्रक हे सशुल्क काम आहे. कायद्यातील बदल सर्वांना समजावून सांगावा, परंतु एखाद्या मिलच्या हिशेबांची तपासणी व तिच्यावरील जबाबदारी सशुल्क असते. शुल्काचे दर भेटीनुसार, एकरानुसार किंवा हंगामानुसार आधीच लिहून ठेवावेत, म्हणजे ओळखीपाळखीतून येणारा फुकट सल्ल्याचा आग्रह संकोचाविना टाळता येतो.

वैयक्तिक प्रयत्नांना संस्थांची जोड मिळाल्यास त्यांचा उपयोग अनेक पटींनी वाढेल. जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, धुळ्याचे कृषी महाविद्यालय, जळगाव, पाल व धुळे येथील कृषी विज्ञान केंद्रे, जिल्हा उद्योग केंद्रे आणि तालुक्यांची सार्वजनिक वाचनालये यांच्याकडे सभागृहे आहेत, नियतकालिके ठेवण्याच्या जागा आहेत आणि लोकांचा विश्वास आहे; महिन्यातून एका संध्याकाळी खुल्या प्रश्नोत्तरांसाठी सभागृह देणे आणि सल्लागारांच्या तारीखवार पत्रकांचा संच कायम जपून ठेवणे एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. पत्रके एका जागी जपली गेली, तर पाच वर्षांनी कोणाचे निदान किती वेळा खरे ठरले हे कोणालाही तपासता येईल, आणि ही शक्यता मनात ठेवून लिहिणारा सल्लागार आपोआप अधिक जपून लिहील.

खान्देशात सालदाराचे (वर्षाच्या बोलीवरील शेतमजुराचे) नवे साल अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, ठरते, आणि कापूस व केळीच्या खरीप नियोजनाची चर्चाही त्याच सुमारास रंगते. म्हणून विनंती अशी की, येत्या आखाजीपूर्वी प्रत्येक सल्लागाराने आपल्या विषयातील, आपल्या दोन तालुक्यांपुरते, येत्या हंगामाचे अंदाज व शिफारशी एका पानावर लिहून, खाली नाव, पात्रता, दलालीविषयीचे निवेदन व तारीख घालून, जवळच्या वाचनालयात व व्यापारी किंवा शेतकरी संघटनेत ठेवाव्यात. आणि दिवाळीनंतर त्याच पानाच्या पाठीवर काय खरे ठरले व काय चुकले हे लिहून तेच पान पुन्हा तेथेच लावावे. ज्यांना आपल्या ज्ञानाची खात्री आहे त्यांना या रीतीने गमावण्यासारखे फारसे काही नाही. ज्यांना ती नाही ते असे पान बहुधा लावणारच नाहीत, आणि लोकांना निवड करण्यासाठी तेवढा फरक पुरेसा आहे.



आपला हितचिंतक,
खान्देशातील ज्ञानव्यवहाराचा एक अभ्यासक